मँटिस श्रिंप: ठोसा, डोळे आणि व्हॉट्सॲपी थापा

समुद्रफेन:

मँटिस श्रिंपचा तो व्हिडिओ पुन्हा एकदा सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. मोरपंखी अंगाचा, देठावरचे डोळे गरागरा फिरवणारा प्राणी, एक ठोसा, आणि शिंपल्याचे तुकडे. खाली नेहमीचाच मजकूर: ठोसा बंदुकीच्या गोळीइतका वेगवान, डोळ्यांत रंग टिपणाऱ्या पेशी (ग्राहक) बारा प्रकारच्या, म्हणून आपल्याला स्वप्नातही न दिसणारे रंग त्याला दिसतात, वगैरे. पहिलं विधान चूक आहे आणि दुसरं २०१४ सालीच एका प्रयोगात तोंडावर आपटलं. खरा प्राणी मात्र या थापांपेक्षा कितीतरी मजेदार आहे, म्हणून हा धागा. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी ओळख. खेकडा, शेवंड, कोळंबी हे याचे दूरचे भाऊबंद. पण हा फाटा सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच वेगळा झाला, म्हणजे डायनोसॉर यायच्या कितीतरी आधी. गणाचं नाव स्टोमॅटोपोडा. साडेचारशेच्या वर जाती माहीत आहेत, बहुतेक उष्ण समुद्रांतल्या. कल्ले पोटाखालच्या पोहायच्या पायांवर असतात. आणि छातीच्या उपांगांची दुसरी जोडी प्रचंड वाढून शिकारीचं हत्यार झालेली असते. हे हत्यार कसलं आहे त्यावरून ढोबळ दोन गट पडतात. भालेबाजांच्या उपांगाला काटेरी दात असतात. ते वाळूत किंवा चिखलात बीळ करून दबा धरतात आणि वरून जाणारा मासा किंवा कोळंबी भोसकतात. ठोसेबाजांचं उपांग टोकाजवळ फुगून गदेसारखं झालेलं असतं. ते खडकातल्या, प्रवाळातल्या भोकांत राहतात आणि गोगलगायी, खेकडे, शिंपले फोडून खातात.

व्हिडिओतला तो मोर मँटिस, शास्त्रीय नाव ओडोंटोडॅक्टिलस सिलॅरस. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून थेट प्रशांत महासागरातल्या गुआमपर्यंत सापडतो. लांबी साधारण वीतभर किंवा त्याहून कमी.

आता ठोसा. २००४ साली शीला पाटेक, वायट कॉर्फ आणि रॉय कॉल्डवेल या कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या संशोधकांनी हा ठोसा अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपला आणि ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत छापला. साध्या व्हिडिओत तो दिसतच नाही. आधी प्राणी दिसतो, मग फुटलेला शंख दिसतो, मधलं सगळं गायब. मोजल्यावर वेग निघाला सेकंदाला १४ ते २३ मीटर. हे सगळं पाण्यात, जिथे आपल्याला साधा हात जोराने फिरवताना दम लागतो.

स्नायूच्या बळावर हे शक्य नाही. स्नायू जोर लावतो तेव्हा सावकाश आकसतो, आणि झटकन आकसला तर जोर कमी पडतो. हाताने भिरकावलेला बाण चार पावलांवर पडतो. तोच हात धनुष्य सावकाश ओढतो, ताण काठीत साठतो, आणि सोडल्यावर बाण सुटतो. या प्राण्याच्या उपांगात असंच धनुष्य बसवलेलं आहे. मोठा स्नायू आकसत जातो, पण स्नायूच्या कंडऱ्यांवरच्या छोट्या कठीण चकत्या खिट्टीसारख्या अडकतात आणि उपांग मुडपलेलंच राहतं. सगळा ताण कवचात जिरतो. तिथे खोगिराच्या आकाराचा एक भाग आहे, एका दिशेने वर वळलेला आणि दुसऱ्या दिशेने खाली. तो आणि त्याच्या शेजारची कवचाची पट्टी दाबली जाते. खिट्टी निघाली की सगळी साठवण एकदम मोकळी होते आणि गदा पुढे जाते. काम संपायला दोन-तीन मिलिसेकंद. आपली पापणी एकदा लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

एवढ्या वेगाने पाणी कापलं की मागे दाब इतका घसरतो की पाण्याची वाफ होऊन बुडबुडा तयार होतो. तो लगेच कोसळतो, आणि कोसळताना दुसरा तडाखा देतो. जहाजांच्या पंख्यांना भोकं पाडणारा प्रकार तो हाच. पाटेक आणि कॉल्डवेल यांनी २००५ मध्ये बलमापक ठेवून त्यावर ठोसे मारून घेतले. प्रत्येक ठोशाचे दोन उंचवटे दिसले, मधलं अंतर साधारण ३९० ते ४८० मायक्रोसेकंद. पहिला गदेचा, ४०० ते १५०१ न्यूटन. दुसरा बुडबुड्याचा, सरासरीने पहिल्याच्या निम्मा, पण काही वेळा पहिल्यापेक्षाही मोठा. दोन्ही उपांगं एकापाठोपाठ चालवली तर गोगलगायीला चार तडाखे. नेम थोडा चुकला तरी बुडबुडा आपलं काम करून जातो.

डोळ्यांबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहिते, हात दुखले.

न्यूटनची_पेंड:

वा, मस्त! गोळीच्या थापेचा उगम सांगतो, कारण ती हवेतून आलेली नाही. वेग आणि त्वरण यांची कुणीतरी गल्लत केली आहे.

सेकंदाला २३ मीटर म्हणजे तासाला ८३ किमी. एक्सप्रेसवेवर ट्रक या वेगाने जातात. पॉइंट टू-टू बंदुकीची गोळी सेकंदाला साधारण ३३० मीटर किंवा त्याहून जास्त वेगाने सुटते. कुठे २३, कुठे ३३०.

पण २००४ च्या त्याच निबंधात त्वरणाचा आकडा आहे: सेकंद वर्गाला ६५ ते १०४ किलोमीटर. गुरुत्वाकर्षणाच्या १०,००० पटीच्या आसपास. आता गोळीचं काढू. नळी अर्धा मीटर धरा. ३३० चा वर्ग भागिले दुप्पट अंतर, म्हणजे १,०८,९०० भागिले १. आलं सुमारे १०९ किलोमीटर प्रति सेकंद वर्ग. अगदी त्याच घरात! फरक एवढाच की गोळीला अर्धा मीटर धावायला मिळतं आणि या बाबाला काही मिलिमीटर. म्हणून ‘गोळीइतकं त्वरण’ बरोबर, ‘गोळीइतका वेग’ चूक. कुणीतरी फॉरवर्ड करताना एक शब्द बदलला आणि झालं.

१५०० न्यूटन म्हणजे दीडशे किलोचं वजन ठेवल्यावर जेवढा जोर पडेल तेवढा. अर्थात क्षणभरासाठीच, पण शंखाला तेवढा क्षण पुरतो.

शंकासुर:

सगळं मान्य. पण न्यूटनचा तिसरा नियम कुणी सांगायचा? शंखाला १५०० न्यूटन, तर गदेलाही १५०० न्यूटन. गदा का फुटत नाही?

शिवाय ते खोगीर एवढं वाकतं आणि सुटतं, ते तरी कसं टिकतं? धनुष्यसुद्धा कधीतरी मोडतं.

समुद्रफेन:

शंकासुरा, नेमकं हेच डेव्हिड किसाइलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारलं. त्यांचा निबंध २०१२ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला.

गदेचा उभा छेद घेतला तर थर दिसतात. बाहेरच्या, आपटणाऱ्या भागात हायड्रॉक्सीअपेटाइट, म्हणजे आपल्या दातांच्या एनॅमलमध्ये असतं त्या जातीचं खनिज. ते फार कठीण, पण नुसतं तेवढंच असतं तर थोड्याच ठोशांत तडकलं असतं. त्याच्या आत कायटिनच्या (कवच ज्याचं बनतं त्या पदार्थाच्या) तंतूंचा जाड थर आहे. प्रत्येक पातळ पदरातले तंतू एका दिशेने, त्याखालच्या पदरात किंचित फिरवलेले, त्याखाली आणखी थोडे, असे गोल फिरत खाली जातात. भेग आत शिरली की तिला सरळ जाता येत नाही. तंतूंच्या मागे वळत वळत जावं लागतं, वाट लांबते, ऊर्जा जिरते आणि भेग मध्येच थांबते. २०१६ मध्ये याच गटाने दाखवलं की आपटणाऱ्या भागातल्या तंतूंची रचना नागमोडी आहे. २०२० मध्ये सर्वांत वर सूक्ष्म कणांचा पातळ लेप सापडला, धक्क्याचा पहिला घाव तो झेलतो. आणि २०२५ च्या ‘सायन्स’मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या चमूने आणखी एक गोष्ट पुढे आणली. आतल्या फिरत्या थरांमुळे धक्क्यातल्या ठरावीक उच्च वारंवारतेच्या लहरी आत पोचतच नाहीत, गाळल्या जातात. बुडबुडा कोसळताना ज्या बारीक, घातक लहरी निघतात त्यांच्यापासून मागचा मऊ मांसल भाग यामुळे वाचतो.

तरी गदा झिजतेच. पृष्ठभागावर खड्डे पडतात. पण कात टाकली की नवी गदा मिळते, तीही अंगाच्या नव्या मापाची. खोगीरही कवचाचाच भाग असल्याने त्याच वेळी नवं. कोणतंही यंत्र एवढं सोयीचं नसतं.

हे थर बघून विमानांच्या आणि शिरस्त्राणांच्या साहित्यासाठी तंतूंचे फिरते थर करून पाहण्याचं काम चालू आहे. जाहिरातीत ‘निसर्गाची नक्कल’ म्हणतात तितकं ते सरळ नसतं. प्राण्याच्या गदेत ओल असते, प्रथिनं असतात, आणि मुख्य म्हणजे दुरुस्तीसाठी कात असते.

भाऊ_रत्नागिरीकर:

ताई, छान लिहिलंय. आमच्याकडे ट्रॉलरच्या जाळ्यात हे जनावर ढिगाने येतं, पण तुमच्या व्हिडिओतलं रंगीत नाही. मळकट पांढरं-राखाडी, भालेबाज जातीचं. मत्स्यखात्याची माणसं त्याला स्क्विला म्हणतात. खलाशांना त्याचं कौतुक शून्य. जाळं उपसताना हाताला लागलं तर बोट कापतं, शेपटीचे काटेही टोचतात, आणि भाव काही नाही. कोळंबी वेगळी काढायची, बाकीच्यात हे टाकायचं. बहुतेक माल वाळवून मत्स्यखत आणि कोंबड्यांचं खाद्य करायला जातो.

इटलीत आणि जपानात हेच लोक चवीने खातात असं ऐकलं तेव्हा आमच्या बंदरावर कुणाचा विश्वास बसेना.

समुद्रफेन:

भाऊ, विश्वास ठेवा. एड्रियाटिक समुद्रातली स्क्विला मँटिस व्हेनिसच्या बाजारात मानाची असते. जपानात ‘शाको’ उकडून सुशीवर येते. दक्षिण चीनमध्ये मीठ-मिरीत तळतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉलमध्ये सर्वाधिक येणारी जात मियाकेला नेपा, जुन्या पुस्तकांत ओराटोस्क्विला नेपा. मंगळूरच्या पट्ट्यात तर फारच येते. आपल्याकडे भाव न मिळण्याचं कारण चव नव्हे. मेल्यावर हिचं मांस फार लवकर सैल पडतं आणि कवच सोलायला त्रास. इटलीत ती जिवंत किंवा अगदी ताजी विकतात.

मृण्मयी:

डोळ्यांचं राहिलं हो! मुलाच्या शाळेतल्या प्रकल्पात मी ‘सर्वांत जास्त रंग बघणारा प्राणी’ म्हणून याचंच चित्र लावलंय. उतरवू का?

समुद्रफेन:

चित्र राहू द्या, मथळा बदला.

माणसाच्या डोळ्यात रंगांसाठी तीन प्रकारचे ग्राहक. मँटिस श्रिंपमध्ये बारा, त्यातले काही अतिनील प्रकाशासाठी. ध्रुवित प्रकाशाचे, म्हणजे ज्याच्या लहरींच्या कंपनाला ठरावीक शिस्त असते अशा प्रकाशाचे, ग्राहक धरले तर एकूण सोळापर्यंत. पुढे ऑस्ट्रेलियात काम केलेल्या जस्टिन मार्शल यांनी १९८८ मध्ये ‘नेचर’मध्ये ही अजब रचना मांडली आणि तेव्हापासून सगळ्यांनी सरळ गुणाकार केला: तिनात आपल्याला एवढे रंग, तर बारात केवढे!

मग क्वीन्सलंड विद्यापीठात हान थोएन, मार्शल आणि सहकाऱ्यांनी प्राण्यालाच विचारलं. हॅप्टोस्क्विला ट्रायस्पिनोसा नावाच्या छोट्या जातीला शिकवलं की अमुक रंगाच्या प्रकाशतंतूकडे गेलास तर खाऊ मिळेल. मग दुसरा तंतू हळूहळू पहिल्याच्या रंगाजवळ आणत गेले. दोन रंगांच्या तरंगलांबीत १२ ते २५ नॅनोमीटरचा फरक उरला की प्राण्याचा गोंधळ व्हायला लागला. माणूस १ ते ४ नॅनोमीटरचा फरक ओळखतो. म्हणजे पोपटी आणि हिरव्यातला जो फरक साडीच्या दुकानात तुम्ही सहज दाखवाल, तो या बारा-ग्राहकवाल्याला दिसणारच नाही. २०१४, ‘सायन्स’.

मग बारा ग्राहक कशाला? त्यांचा तर्क असा. आपला मेंदू तीन ग्राहकांच्या संकेतांची एकमेकांशी तुलना करतो आणि त्यातून बारीक छटा काढतो. त्यात फरक नेमका कळतो, पण कष्ट मेंदूला. मँटिस श्रिंप ही तुलना बहुधा फारशी करत नाही. बारा ग्राहकांपैकी कोणते किती पेटले, त्या ठशावरून रंग थेट ओळखतो. छटा ढोबळ, पण निर्णय झटपट. समोरचा शत्रू की सोबती, एवढंच ठरवायचं असेल आणि ठरवायला क्षणच असेल, तर हा सौदा वाईट नाही.

डोळ्याची बांधणीही त्याला साजेशी. प्रत्येक डोळा आडव्या पट्ट्याने दुभागलेला असतो. ठोसेबाजांत आणि इतर अनेक जातींत या पट्ट्यात नेत्रिकांच्या, म्हणजे संयुक्त डोळ्यातल्या बारीक घटकांच्या, सहा ओळी. वरच्या चार ओळी रंगांच्या, खालच्या दोन ध्रुवणाच्या. पट्ट्याच्या वरचा आणि खालचा अर्धगोल दोन्ही एकाच जागेकडे बघतात, त्यामुळे एका डोळ्यानेच अंतराचा अंदाज येत असावा. पट्टा मात्र अरुंद, एका वेळी जगाची एक पातळ रेघ बघणारा. म्हणून डोळे सतत हलत असतात. वर, खाली, आडवे, शिवाय देठाभोवती गोल फिरतात, तेही दोन्ही वेगवेगळे. व्हिडिओत जे ‘वेडे डोळे’ वाटतात ते वेडेपण नव्हे, तो रंग वाचत असतो.

अतिनील प्रकाशाचीही गंमत. त्यासाठी पाच-सहा वेगळी रंगद्रव्यं लागतील असं वाटलं होतं. २०१४ मध्ये मायकेल बॉक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की निओगोनोडॅक्टिलस ओर्स्टेडी या जातीत दोनच रंगद्रव्यं आहेत. बाकीचं काम समोर बसवलेल्या गाळण्या करतात. आणि या गाळण्या कशाच्या? अनेक सागरी जीव उन्हापासून बचाव म्हणून जी संयुगं अंगात बाळगतात त्यांच्याच. सनस्क्रीनचा चष्मा!

शंकासुर:

आणि ते ध्रुवण? माझ्या माहितीप्रमाणे मधमाशीलाही ध्रुवित प्रकाश कळतो. यात विशेष काय?

समुद्रफेन:

मधमाशीला रेखीय ध्रुवण कळतं, म्हणजे ज्यात कंपनाची दिशा एकच ठरलेली असते ते. वर्तुळाकार ध्रुवण, म्हणजे ज्यात प्रकाशाच्या कंपनाची दिशा पुढे जाताना गोल फिरत असते, ते ओळखणारा प्राणी म्हणून पहिला स्पष्ट पुरावा २००८ मध्ये मिळाला तो मँटिस श्रिंपचा. खालच्या दोन ओळींतली एक पेशी वर्तुळाकार ध्रुवणाचं रेखीय ध्रुवणात रूपांतर करते. प्रयोगशाळेत यासाठी स्फटिकाची तबकडी वापरतात, पण ती साधारण एकाच रंगाला नीट चालते. २००९ च्या ‘नेचर फोटॉनिक्स’मधल्या अभ्यासानुसार या पेशीचं काम जवळजवळ संपूर्ण दृश्य पट्ट्यात सारखं चालतं. प्रकाशशास्त्रवाल्यांनी तेव्हा कपाळाला हात लावला असणार.

वापर काय? काही जातींच्या नरांच्या अंगावर वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश परावर्तित करणारे भाग आहेत. गोनोडॅक्टिलेसियस फाल्कॅटस या जातीवर २०१५ मध्ये झालेल्या प्रयोगांत असं दिसलं की बिळातून असा प्रकाश आला तर येणारा प्राणी ते बीळ टाळतो. घर रिकामं नाही एवढी पाटी, जी फक्त भाऊबंदांना वाचता येते आणि माशांना नाही.

इलिनॉयच्या व्हिक्टर ग्रुएव्ह यांच्या गटाने या डोळ्यावरून बेतलेला, रंग आणि ध्रुवण एकाच वेळी टिपणारा कॅमेराही केला आहे.

पाणबुडी:

बालीला तुलांबेनला डाइव्ह करताना मोर मँटिस बघितलाय. बिळाच्या तोंडाशी येतो, डोळे वर काढतो आणि तुमची पूर्ण तपासणी करतो. मासे बघून पळतात, हा बघून बघत बसतो. आमच्या गाइडने हात जवळ न्यायला सक्त मनाई केली होती. जुने डायव्हर या जमातीला ‘अंगठेफाड्या’ म्हणतात म्हणे.

एक प्रश्न. एवढं हत्यार जवळ असताना हे आपसांत मारामारी करून संपून कसे जात नाहीत? बिळं तर मोजकीच.

समुद्रफेन:

पाणबुडी, हा माझा सगळ्यात आवडता भाग.

मारामाऱ्या होतात, पण त्यांना नियम आहेत. ठोसेबाज जातींत हल्ला झाला की बचाव करणारा पाठीवर वळून शेपटीचं रुंद ताट, म्हणजे टेल्सन, ढालीसारखं पुढे करतो. ठोसे त्यावर बसतात. जेनिफर टेलर आणि पाटेक यांनी २०१० मध्ये या ढालीवर गोळे आपटून मोजलं, धक्क्याची बरीचशी ऊर्जा ती जिरवते. चार ठोसे इकडून, चार तिकडून, कोण किती दमदार ते दोघांनाही कळतं आणि एक जण निघून जातो.

पण कात टाकल्यावर पंचाईत. नवं कवच मऊ, गदा मऊ, ठोसा मारला तर स्वतःलाच इजा. तेव्हा बीळ कसं राखायचं? स्टेगर आणि कॉल्डवेल यांनी १९८३ मध्ये ‘सायन्स’मध्ये लिहिलं: बतावणी करून. हत्याराची उपांगं फाकवून, आतले रंगीत ठिपके दाखवत धमकीचा पवित्रा घ्यायचा, जणू आत्ता मारतो. प्रत्यक्षात मारण्याची ताकद नाही. १९९० मध्ये ॲडम्स आणि कॉल्डवेल यांनी पुढचं पाहिलं. हे थापाडे सगळ्यांसमोर सारखी बतावणी करत नाहीत. समोरचा मोठा असला की बरेचदा काढता पाय घेतात, लहान असला की दटावतात. थाप कुणासमोर मारायची याचाही हिशेब.

आणि हे एकमेकांना वासाने ओळखतात. कॉल्डवेल यांच्याच १९७९ च्या प्रयोगांत, आधी ज्याच्याकडून मार खाल्लाय त्याचा वास ज्या बिळात आहे तिथे शिरताना प्राणी बिचकतो. मार खाल्लेला विसरत नाही, एवढा मेंदू आहे.

न्यूटनची_पेंड:

अवांतर भर. शंख फोडतानाही हिशेबच. पाटेक यांच्या गटाने २०१८ मध्ये दाखवलं की वेगवेगळ्या आकाराचे शंख दिले तर ठोसे पडायची जागा बदलते. कुठे तोंडाच्या कडेला, कुठे टोकाला, शंखाच्या घडणीनुसार. प्राणी शंख फिरवून जागेवर आणतो आणि मग हाणतो. मोठ्या शंखाला शेकड्याने ठोसे लागतात, तरी सोडत नाही.

आणि २०२१ मध्ये हार्वर्डच्या रॉबर्ट वुड यांच्या प्रयोगशाळेने दीड ग्रॅमचा यंत्र-मँटिस केला. त्याचा हात हवेत सेकंदाला २६ मीटर गाठतो. वेगापेक्षा मला त्यातली खिट्टीची गोष्ट आवडली. चकत्या सुटल्या तरी उपांग लगेच उडत नाही, मध्ये अगदी छोटा थांबा दिसतो. त्यांचं म्हणणं, सांध्याची भूमितीच दुसरी खिट्टी होते. एका ठरावीक कोनाच्या पलीकडे गेलं की मगच सगळं सुटतं. यंत्र बांधून बघितल्याशिवाय हे पटवता आलं नसतं.

निवृत्त_मास्तर:

समुद्रफेनताई, उत्तम धागा. आपल्याकडच्या कामाचाही उल्लेख असावा म्हणून लिहितो. हिंदी आणि प्रशांत महासागरांतल्या स्टोमॅटोपोडांचा पायाभूत ग्रंथ कोलकात्याच्या इंडियन म्युझियमने छापला आहे. स्टॅनली केंप या प्राणिशास्त्रज्ञाने १९१३ मध्ये म्युझियमच्या ‘मेमॉयर्स’मध्ये तो प्रसिद्ध केला. पुढे तोच केंप अंटार्क्टिकाच्या समुद्रातल्या ‘डिस्कव्हरी’ मोहिमांचा प्रमुख झाला. शंभर वर्षं उलटली तरी जाती ओळखताना अभ्यासकांना त्याच्याकडे वळावं लागतं. आज ठोशाचे व्हिडिओ कोट्यवधी लोक बघतात, पण कोणती जात कोणती हे बसून ठरवणारे हाताच्या बोटांवर. ही आमच्या पिढीची कुरकुर समजा.

मृण्मयी:

मास्तर, कुरकुर नव्हे, मुद्दा आहे.

ताई, एक शेवटचा प्रश्न, चिरंजीवांचा आहे: भालेबाज का ठोसेबाज, जास्त वेगवान कोण? त्याचं मत भालेबाज, कारण मासा पळतो आणि शंख पळत नाही.

समुद्रफेन:

चिरंजीवांचा तर्क फक्कड आहे आणि संशोधकांनाही तसंच वाटलं होतं. माया डीव्ह्रीज आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मोजलं. सर्वांत मोठ्या जातींपैकी एक, लायसिओस्क्विलिना मॅक्युलाटा, जी फूटभर किंवा त्याहून लांब होते, तिचा भाला सेकंदाला जेमतेम २.३ मीटर. मोर मँटिसच्या दशांश! छोट्या अलॅकोस्क्विला व्हिसिना या भालेबाजाचा ६ मीटरच्या आसपास. कारण असं दिसतं की मऊ मासा भोसकायला फोडण्याइतका जोर लागत नाही. वाळूत लपून अगदी जवळ येऊ दिलं की तेवढा वेग पुरतो. लांब हात मात्र लागतो. ठोसेबाजाला उलट, कठीण कवच फोडायचं तर वेग हवाच.

मॅक्युलाटाची आणखी एक गोष्ट. नर-मादी एकाच बिळात वर्षानुवर्षं जोडीने राहतात. शिकार मुख्यतः नर करतो आणि मादीला आणून देतो. या गणात असा संसार विरळाच.

भाऊ_रत्नागिरीकर:

म्हणजे आमचं मळकट जनावर हळूच आहे तर! जाळ्यात बोटाला लागतं तेव्हा तसं वाटत नाही.

ताई, मत्स्यालयात ठेवता येतो का? पुतण्याच्या डोक्यात खूळ शिरलंय.

समुद्रफेन:

ठेवतात लोक, पण एकटा ठेवावा लागतो, कारण टाकीतलं बाकी सगळं त्याचं जेवण. मोठा ठोसेबाज काच तडकवू शकतो. १९९८ मध्ये इंग्लंडच्या ग्रेट यार्मथ इथल्या मत्स्यालयातल्या एका मोर मँटिसने तसं केल्याची बातमी गाजली होती, त्याचं नाव टायसन. बरेचदा तर न मागताच येतो. प्रवाळाच्या खडकाच्या भोकात लपून टाकीत शिरतो, आणि रात्री टक-टक ऐकू येऊन सकाळी गोगलगायी गायब दिसल्या की मालकाला कळतं. पुतण्याला म्हणावं, आधी खाऱ्या पाण्याची टाकी वर्षभर सांभाळून दाखव.

शंकासुर:

माझी शेवटची शंका, मग मी गप्प. पिल्लं जन्मतःच ठोसा मारतात का? आणि ते बारा रंगांचे डोळे?

समुद्रफेन:

दोन्ही नाही. अंडी फुटल्यावर डिंभ, म्हणजे ही पिल्लं, काही दिवस बिळातच राहतात, मग पाण्यात तरंगायला लागतात. अंग काचेसारखं पारदर्शक. गोनोडॅक्टिलेसियस फाल्कॅटसच्या डिंभांवर पाटेक यांच्या गटाचाच २०२१ चा अभ्यास आहे. साधारण नऊ दिवसांचे, जेमतेम चार मिलिमीटरचे झाले की ते स्प्रिंग आणि खिट्टी वापरून वार करू लागतात. वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आतबाहेर, पण त्यांच्या मापाच्या भक्ष्यांना भारी. आणि अंग पारदर्शक असल्याने स्नायू आकसताना, खिट्टी अडकताना सूक्ष्मदर्शकाखाली थेट दिसते. मोठ्या प्राण्यात ते कवचाआड झाकलेलं असतं.

डोळे मात्र साधे, मधला पट्टा नाही. रूपांतराच्या वेळी जुन्या डोळ्याला लागूनच नवा, प्रौढ डोळा वाढतो. काही काळ दोन्ही शेजारी-शेजारी असतात, मग जुना विरून जातो.